गाण्यातली ती ओळ तुम्हाला कधी उमगली?

आई गेली त्याला आता वर्ष होईल. नाशिकला रामकुंडावर दशक्रिया उरकून घरी आलो आणि संध्याकाळी तिचं कपाट उघडलं. मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली पैठणी निघाली. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, दोनदाच नेसलेली. "चांगल्या कार्याला नेसेन," म्हणायची.

'एक धागा सुखाचा' आमच्या घरात लहानपणापासून वाजायचं. 'जगाच्या पाठीवर'मधलं, १९६० सालचं, शब्द गदिमांचे, आवाज बाबूजींचा. 'येसी उघडा, जासी उघडा' ही ओळ किती वेळा गुणगुणली असेन! अर्थ सरळ वाटायचा, की वस्तूंचा सोस करू नका. पण आईनं सोस कुठे केला होता? तिनं जपलं, आणि नेसायचं राहून गेलं. मग ती ओळ तिला कशी लावायची, हे मला अजून सुटलेलं नाही.

पैसा, हव्यास, जगण्याचा अर्थ यांवरची कुठली ओळ तुम्हाला उशिरा कळली, किंवा वेगळीच कळली? गाणं असो, अभंग असो, मोकळेपणानं लिहा.

सातपूरहून

माझी ओळ तुकोबांची. 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी.' शाळेपासून मी 'उदास' म्हणजे दुःखी समजत होतो. म्हटलं, कमवायचं आणि रडत खर्च करायचं, हा काय उपदेश? कंपनीत डबल ड्युटी करून फ्लॅटचे हप्ते फेडत होतो, त्यामुळे ते पटायचंही.

पौष वारीला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला त्र्यंबकेश्वरला पायी गेलो, तेव्हा मुक्कामी कीर्तनात महाराजांनी फोड करून सांगितली. उदास म्हणजे आस सुटलेला. पैसा मिळवू नको असं तुकोबा म्हणतच नाहीत, नीट मार्गानं जोड म्हणतात. फक्त तो हातून सुटताना जीव अडकू देऊ नको. त्याच अभंगात पुढे 'तान्हेल्या जीवन वनामाजी' आहे, तहानलेल्याला रानात पाणी. म्हणजे खर्च कशावर करायचा तेही सांगितलंय. एका शब्दासाठी वीस वर्षं मी तुकोबांशी उगाच भांडत होतो.

निफाड तालुक्यातून

सगळ्यांना पटेल असं नाही, तरी लिहितो. 'आम्हां घरी धन शब्दांचीच रत्ने' लावलं की मी उठून बाहेर जातो. गारपिटीत द्राक्षबाग गेली त्या वर्षी आठ दिवसांवर तोडणी होती. सकाळी पाहिलं तर मणी तडकलेले, खाली रसाचा चिखल, वर माशा. सोसायटीचं कर्ज तसंच उभं.

तुकोबांनी दुष्काळ सोसला, मग कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं सांगतात. मोठंच काम. पण ती येणी होती, महाराज. माझ्याकडं देणी आहेत. मी काय सोडू? सोडायचं असतं ते ज्याचं येणं असतं त्यानं. मला तरी त्यांच्या चरित्रातून एवढंच कळलं, आणि हे कीर्तनात कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

येवल्याहून

चर्चेचा हा धागा सुरू करणाऱ्या दादांसाठी लिहिते. वडील पैठणी विणायचे. आमच्या घरात ते गाणं लागलं की सगळे कडव्यांमधलं वैराग्य ऐकायचे, मी मात्र शेवटच्या कडव्याची वाट बघायची. तिथं विणकऱ्याचे हात येतात, जे त्रिखंडात कुणाला दिसले नाहीत. कवीला देव म्हणायचा असणार. मला वडील दिसायचे.

पदरावरच्या मोराला रंगारंगाच्या धाग्याच्या छोट्या कांड्या लागतात. एकेक धागा बोटांनी घालायचा, शेजारच्या रंगात अडकवायचा. दिवसभरात काही बोटं काम पुढं सरकतं. खऱ्या हातमागाचा पदर उलटा धरला तरी मोर सुलट्यासारखाच दिसतो, कारण मागं लोंबते धागे राहतच नाहीत. वडिलांची डाव्या हाताची तर्जनी रेशमानं कापून कापून गुळगुळीत झाली होती. गिऱ्हाईक भाव विचारी, जरतार खरी आहे का विचारी. विणली कुणी, हे विचारलेलं मला आठवत नाही.

म्हणून वस्त्र हे फसवं आहे, माया आहे, असं कुणी समजावलं तर मला राग येतो. ते कुणाचे तरी महिने असतात. तुमच्या आईंनी ते मलमलीत ठेवलं, यात मला काही चुकलेलं दिसत नाही.

पुन्हा मी, धागाकर्ता

ताई, काल पदर उलटा करून पाहिला. मोर तसाच आहे. घडीत पावतीही सापडली. दुकानाचं नाव, तारीख, रक्कम, सगळं आहे; विणणाऱ्याचं नाही. काठावरून किंवा मोरावरून विणकर ओळखता येतो का? येत असेल तर साडी घेऊन येवल्याला येतो.