इंग्लंडहून कायमचे ऑस्ट्रेलियाला जाताना घोडा बरोबर न्यावा का?

वारणाकाठ :

आम्ही इंग्लंडमधील केंट परगण्यात राहतो आणि येत्या डिसेंबरात कायमचे मेलबर्नला जाणार आहोत. आमच्याकडे 14 वर्षांचा, कुमैत रंगाचा, खच्ची केलेला घोडा आहे. धाकटी मुलगी त्याच्यावरच स्वारी शिकली. सकाळचा खरारा, खूर साफ करणे, चंदी घालणे ही कामे आजही तीच करते. घोडा इथेच विकून टाकावा, असे बहुतेक परिचितांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. का पटत नाही ते मांडून मी येथील जाणकारांचे मत मागतो आहे.

विकलेल्या घोड्याचे पुढे काय होईल, यावर विकणाऱ्याचा काहीच ताबा राहत नाही. 14 वर्षे हे घोड्याचे मध्यम वय आहे. नीट निगा राखली तर तो पंचवीस वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. म्हणजे अजून दहा-बारा वर्षे त्याला सांभाळणारे कुणीतरी हवे, आणि त्यातली शेवटची काही वर्षे तो स्वारीच्या उपयोगाचा राहणार नाही. स्वारीसाठी घेणारा तेव्हा त्याला पुढे विकणार, तो घेणाराही विकणार, आणि दर विक्रीबरोबर किंमत उतरत जाईल तशी निगाही उतरत जाईल. ज्या जनावराने आमच्या मुलीला इतक्या सबुरीने पाठीवर घेतले, त्याचे म्हातारपण अनोळखी माणसांच्या हाती देणे म्हणजे जबाबदारी झटकणे आहे, असे मला मनापासून वाटते.

विमानभाडे, तपासण्या आणि दोन्हीकडचे क्वारंटाइन मिळून खर्च दहा हजार पौंडांच्या बराच पुढे जाईल, आणि तो उचलण्याची आमची तयारी आहे. नियमही पाहिले आहेत. ज्या देशांतून घोडे आणता येतात त्यांच्या ऑस्ट्रेलियन यादीत ब्रिटन आहे. निघण्यापूर्वी किमान 14 दिवस येथील मान्यताप्राप्त केंद्रात आणि पोचल्यावर 14 दिवस मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथील सरकारी केंद्रात त्याला राहावे लागेल. हे त्याला झेपणार नाही असे मानायला मला कारण दिसत नाही.

खडकीकर :

खर्च आणि नियम तुम्ही बारकाईने पाहिले आहेत, परंतु प्रवास घोडा करणार आहे आणि त्या प्रवासाबद्दल तुम्ही जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. माझा या बेताला विरोध आहे.

मालवाहू विमानात घोड्यांना पेटीवजा स्टॉलमध्ये दोन-दोन, तीन-तीन शेजारी उभे करतात. तोंडासमोर वैरणीची जाळी टांगलेली असते, सोबतचा ग्रूम अधूनमधून बादलीने पाणी दाखवतो, आणि मधले थांबे धरून एक दिवसाहून अधिक काळ घोड्याला ना आडवे होता येते, ना मान जमिनीपर्यंत नेता येते. कुरणात तो मान खाली घालून चरत असतो, तेव्हा श्वासनलिकेत साचलेली धूळ आणि कफ उताराने बाहेर येत असतात. डोके तासन्‌तास वर अडकून राहिले की तीच घाण जिवाणूंसह फुप्फुसांकडे सरकते आणि त्यांना सूज येते. वाहतूकदारांमध्ये या आजाराला ‘शिपिंग फीव्हर’ असेच म्हणतात. दुसरा धोका पोटाचा आहे. अनोळखी चवीचे पाणी घोडा कमी पितो, त्यामुळे आतड्यात चारा घट्ट होऊन अडतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून त्याचा पोटशूळ जीवघेणा ठरू शकतो. रस्त्यात असे झाले तर गाडी थांबवून डॉक्टर गाठता येतो. समुद्रावरून चाललेल्या विमानात सोबतच्या माणसाकडे जे असेल तेवढ्यावर भागवावे लागते.

शिवाय तुम्ही डिसेंबरात निघत आहात. घोड्याचे केस दिवसाच्या लांबीनुसार वाढतात आणि झडतात. इंग्लंडच्या डिसेंबरात तुमच्या घोड्याच्या अंगावर थंडीचे दाट केस असतील, आणि तो उतरेल मेलबर्नच्या ऐन उन्हाळ्यात. केस यंत्राने कातरता येतात हे खरे, परंतु त्याचे शरीर इतक्या झटकन ऋतू बदलत नाही.

आणि एक विचारतो. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. केंटच्या कुरणात ज्या घोड्यांशेजारी तो वर्षानुवर्षे उभा राहिला, तो सहवास तोडून तुम्ही त्याला न्याल, तर त्याच्या दृष्टीने त्यात लाभ कोणता?

दूरदेशी :

खडकीकर यांनी सांगितलेले धोके खरे आहेत, पण ते सगळे ठाऊक असल्यामुळेच त्यांवरचे उपायही रुळलेले आहेत. शर्यतीचे, क्रीडास्पर्धांचे आणि पैदाशीचे घोडे वर्षभर एका खंडातून दुसऱ्या खंडात जात असतात. आयर्लंडमध्ये तयार झालेल्या व्हिंटेज क्रॉपने 1993 मध्ये इतका लांबचा प्रवास करून मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत जिंकली. विमानात वैरण ओली करून देतात, थांब्यावर नाडी आणि ताप पाहतात, आणि निघण्याआधी काही दिवस स्टॉलसारख्या जागेत उभे राहण्याची सवयही लावता येते.

पोचल्यानंतरच्या 14 दिवसांकडे मी अडचण म्हणून पाहत नाही. शिपिंग फीव्हर बहुधा प्रवासानंतरच्या काही दिवसांत दिसतो, आणि नेमके तेच दिवस घोडा रोज ताप मोजणाऱ्या माणसांच्या देखरेखीखाली काढतो. ऑस्ट्रेलिया या बाबतीत इतका कडक का आहे तेही समजून घ्यावे. या नियमांमुळे 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील घोडेस्वारीच्या स्पर्धा स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या होत्या. 2007 मध्ये आयात घोड्यांबरोबर आलेला इन्फ्लुएन्झा क्वारंटाइनमधून निसटला आणि न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलँडमधला घोड्यांचा सगळा व्यवहार ठप्प झाला.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाहून एक लाखाहून अधिक घोडे समुद्रापार गेले आणि त्यांतला सँडी हा एकच परत मायदेशी आला. मेजर जनरल ब्रिजेस यांचा तो घोडा. ब्रिजेस 1915 मध्ये तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या मोहिमेत मारले गेले, आणि सँडी 1918 मध्ये मेलबर्नला पोचला. युद्ध संपल्यावर बाकीच्यांपैकी कित्येक घोडे भारतातील ब्रिटिश लष्कराकडे गेले, आणि म्हातारे-थकलेले गोळी घालून मारले गेले. आपला घोडा मागे ठेवावा लागला याचे दुःख त्या स्वारांना जन्मभर राहिले. त्यांना पर्याय नव्हता. वारणाकाठ यांना आहे.

खडकीकर :

सँडीचे उदाहरण मला लागू वाटत नाही. ते घोडे युद्धभूमीवर सोडावे लागले होते. हा घोडा हिरव्या कुरणात, ओळखीच्या पागेत राहणार आहे. व्हिंटेज क्रॉपबद्दलही तेच म्हणेन. शर्यतीचा घोडा ऐन तयारीत असतो, त्याच्यामागे प्रशिक्षक, डॉक्टर आणि मोतद्दार यांचा ताफा असतो, आणि काम झाले की तो परत जातो. घरच्या मध्यमवयीन घोड्याची तुलना त्याच्याशी करता येणार नाही. पोचल्यानंतरच्या देखरेखीचा मुद्दा मात्र मला मान्य आहे.

मुळाकाठची :

पुण्यात घोडा पाळणाऱ्यांपुढे हा प्रश्न अशा रूपात येतच नाही, कारण ऑस्ट्रेलियाच्या यादीत भारत नाही. ग्लँडर्स हा घोड्यांकडून माणसालाही होणारा जिवाणूजन्य रोग 2006 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा दिसला. अशा रोगांमुळे आपल्या घोड्यांना बाहेरची दारे सहसा बंद असतात. 2025 मध्ये मेरठ छावणीतील लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअर या घोडे व पशुवैद्यकी सांभाळणाऱ्या दलाच्या केंद्रातील रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. स्पर्धेच्या घोड्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, पण घरच्या घोड्याला तिचा लगेच उपयोग नाही. मारवाडी आणि काठियावाडी जातींच्या निर्यातीला तर वेगळा परवानाच लागतो.

त्यामुळे परदेशी जाणारी माणसे घोडा मागे ठेवतात. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने आपली घोडी ओळखीच्या रायडिंग स्कूलमध्ये ठेवली. तिची चंदी, नालबंदी आणि औषधपाणी यांचे पैसे ते दर तिमाहीला पाठवतात. आठवड्यातून किती वेळा आणि किती वजनाच्या स्वाराला ती द्यायची हे लिहून ठरलेले आहे, आणि काम संपल्यावर तिला विकायचे नाही हेही. घोडा बरोबर नेणे आणि विकून टाकणे एवढ्या दोनच वाटा आहेत असे धरून ही चर्चा चालली आहे. मागे ठेवूनही जबाबदारी पार पाडता येते, हे मला ठामपणे सांगायचे आहे.

वारणाकाठ :

ऋतूचा मुद्दा मला पटला. आम्ही डिसेंबरात जाऊ आणि घोडा मार्चअखेरीस येईल अशी व्यवस्था शक्य आहे. तेव्हा दोन्हीकडे दिवस-रात्र सारखी असते आणि हवाही सौम्य असते. मधले तीन महिने तो सध्याच्याच पागेत राहील.

मुळाकाठची यांनी सुचवलेल्या वाटेबद्दल मात्र माझी शंका कायम आहे. इंग्लंडमध्ये घोडा ‘लोन’वर, म्हणजे मालकी आपल्याकडे ठेवून दुसऱ्याकडे सांभाळायला देण्याची पद्धत रुळलेली आहे, आणि ब्रिटिश हॉर्स सोसायटी कराराचे नमुनेही देते. पण समोरच्याने करार मोडला, किंवा त्याचीच परिस्थिती पालटली, तर सतरा हजार किलोमीटरवरून मी काय करणार? घोड्याचा पाय सुजला आहे की नाही हे फोनवर विचारून कळत नाही. सकाळी हात फिरवून पाहावे लागते.

खडकीकर :

मार्चचा निर्णय चांगला आहे, आणि तुमचा शेवटचा प्रश्न रास्त आहे हेही मी मान्य करतो. तरी माझी एक अट राहते. तिकीट काढण्यापूर्वी दुर्बिणीने त्याच्या श्वासनलिकेची तपासणी करून घ्या, यापूर्वी कधी पोटशूळ झाला होता का ते त्याच्या डॉक्टरांच्या नोंदींतून काढा, आणि त्याला एकदा ट्रेलरमधून चार-पाच तासांच्या रस्त्यावर नेऊन तो पाणी पितो का ते पाहा. यांपैकी एकही गोष्ट मनासारखी निघाली नाही, तर त्याला ठेवण्याचा करार तोवर लिहून तयार असावा. त्या वेळी घाईने गिऱ्हाईक शोधण्याची पाळी तुमच्यावर येऊ नये. आणि तपासणीचा निकाल काहीही लागू शकतो, हे मुलीला आजच सांगा.