साध्या आयुष्याच्या आठवणी लिहिताना त्यांतला विनोद कागदावर का उतरत नाही?

जुनी_फाईल

मी पाटबंधारे खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. सांगण्यासारखे थोर काही आयुष्यात घडले नाही, तरी नातवंडांसाठी म्हणून दोनशे पानी वहीत आठवणी लिहायला घेतल्या आहेत. अडचण अशी की, जे प्रसंग मी जेवताना सांगितले तर घरातल्यांना ठसका लागतो, तेच वहीतून वाचून दाखवले की सगळे शांतपणे माना डोलावतात आणि सूनबाई 'छान लिहिलंय हं, बाबा' म्हणून पानं घ्यायला उठतात. वहीतला एक नमुना खाली देतो.

'आमच्या नानांचा एक अत्यंत विनोदी प्रसंग मला आठवतो. नाना स्वभावाने फारच काटकसरी होते. एका पातेल्याने त्यांना हयातीतच कैलासवासी केले, ही गंमतच म्हणावी लागेल! झाले असे की, 1978 साली त्यांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ गावच्या देवळाला एक पितळी पातेले दिले. परंतु नाव घालताना झालेल्या चुकीमुळे त्यावर नानांच्याच नावामागे कै. लागले. सर्वांची हसून हसून पुरेवाट झाली.'

यात काय कमी पडते आहे, हे कोणी सांगेल का? दुसरी शंका अधिक नाजूक आहे. नाना हे वडिलांचे चुलतभाऊ. ते 1999 मध्ये गेले. त्यांची मुलगी, म्हणजे माझी चुलतबहीण, पुण्यात असते आणि ही वही कधी ना कधी तिच्या हाती पडेल. गेलेल्या माणसाच्या कंजूषपणावर हसणे तिला लागेल, या विचाराने पुढचे लिखाणच थांबले आहे.

शाळामास्तरीण

काका, तीस वर्षे मुलांचे निबंध तपासल्यामुळे लाल पेन आपोआप हातात येते, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तुमच्या परिच्छेदात 'अत्यंत विनोदी', 'गंमतच म्हणावी लागेल' आणि 'हसून हसून पुरेवाट' ही तीन वाक्ये वाचकाच्या वाट्याचे हसणे तुम्हीच हसून घेतात. शिवाय पातेल्याने नानांना मारले, हे तुम्ही तिसऱ्याच वाक्यात सांगून टाकले. मग चौथे वाक्य वाचणाऱ्याच्या हाती फक्त खुलासा उरतो. जेवताना तुम्ही हा प्रसंग याच क्रमाने सांगत नसणार, अशी माझी खात्री आहे.

चिं. वि. जोशींचा चिमणराव आठवून पाहा. आपल्यावर ओढवलेला प्रत्येक घोटाळा तो एखाद्या प्रामाणिक माणसाने जबानी द्यावी तसा सांगतो. आपण विनोदी काही सांगत आहोत, याचा त्याला पत्ताच नसतो आणि म्हणूनच आपण हसतो. तुम्ही तर आयुष्यभर टिपण्या लिहिल्या आहेत, तेव्हा हा सूर तुम्हाला शिकवण्याची गरज नाही.

आता मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. पातेल्यावर नेमकी कोणती अक्षरे होती? चूक कोणाची होती, ती कशी झाली? आणि देवळात पातेले पोहोचले तेव्हा ते पहिल्यांदा कोणी वाचले?

जुनी_फाईल

ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरे लिहायला बसलो आणि लक्षात आले की चूक तशी कोणाचीच नव्हती.

नाव घालणारा तांबट छिन्नीने टिंबे ठोकून अक्षर काढी आणि त्याचा दर अक्षरामागे दहा पैसे होता. नानांनी घरून कागदावर मजकूर लिहून नेला होता: 'कै. तीर्थरूप आबांचे स्मरणार्थ नानांकडून भेट'. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि पातेले उचलायला म्हणून बरोबर गेलो होतो. तांबटाने पेन्सिलीचे टोक एकेका अक्षरावर ठेवत मोजले आणि एकोणीस अक्षरे झाल्याचे सांगितले. एक रुपया नव्वद पैसे ऐकून नानांनी कागद परत घेतला. देवाला 'तीर्थरूप' सांगायची गरज नाही, म्हणून ते प्रथम गेले. 'स्मरणार्थ' हे 'कै.' मध्ये आलेच, असे म्हणून त्यावरही काट मारली. आता 'कै. आबांचे नानांकडून भेट' उरले. ते वाचून तांबट म्हणाला, 'आबांचे काय, ते कळत नाही.' त्याचे म्हणणे नानांना पटले आणि त्यांनी 'आबांचे' काढून टाकले. उरलेली आठ अक्षरे तांबटाने समोरच ठोकली, नानांनी ऐंशी पैसे मोजून दिले आणि येताना वाचलेल्या एक रुपया दहा पैशांत मला उसाचा रस पाजला.

पातेले पहिल्यांदा वाचले ते देवळाच्या गुरवाने. वाचल्यावर त्याने आधी पातेल्याकडे आणि मग नानांकडे बघितले. 'कै. नानांकडून भेट.'

शाळामास्तरीण

ही वाक्ये जशीच्या तशी वहीत उतरवा आणि आधीचा परिच्छेद काढून टाका. उसाचा रस मला सर्वांत आवडला.

सोलापूरकर

मास्तरीणबाईंच्या लाल पेनाशी मी सहमत आहे, परंतु तुमची दुसरी शंका पहिलीपेक्षा मोठी आहे, असे मला वाटते आणि त्याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे.

1972 च्या दुष्काळात आमची आजी खडी फोडायच्या कामावर जात होती. विहिरी आटलेल्या, रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो, म्हणजे एक जातीची ज्वारी, मिळायचा आणि त्याची भाकरी थापायला घेतली की कडेने फाटायची. कामावर सुकडी नावाचा कोरडा खाऊ मिळे, तो आजी पदराला बांधून पोरांसाठी घरी आणी. पहिल्या दिवशी हजेरी लिहिणाऱ्या कारकुनाने तिला नवऱ्याचे नाव विचारले. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, ही रीत असल्याने तिने समोरच्या मारुतीच्या देवळाकडे बोट केले आणि 'देवळात हायेत, त्येंचंच नाव' असे सांगितले. कारकून शहरातून नवा आलेला. त्याने मान वर करून पाहिले, तर देवळाच्या ओट्यावर गावचा कोतवाल दुपारची झोप काढत होता. कारकुनाने शेजारच्या माणसाला त्याचे नाव विचारले आणि हजेरीपटावर लिहून टाकले. पगाराच्या दिवशी आजीच्या पैशांसाठी पुकारा झाला तो कोतवालाची बायको म्हणून. खरी कोतवालीणही त्याच रांगेत उभी होती.

ही गोष्ट आजी स्वतः सांगायची, कोतवालणीच्या आवाजाची नक्कल करून सांगायची आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. पुढे मी नोकरीला लागल्यावर कार्यालयातल्या चार पाहुण्यांसमोर तिच्या देखत तीच गोष्ट सांगितली. पाहुणे खूप हसले. आजी मात्र उठून आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी एकही तपशील बदलला नव्हता, म्हणून माझे काय चुकले ते मला बरीच वर्षे कळले नाही. आजीच्या तोंडी ती गोष्ट एका कारकुनाची होती, ज्याला देवळात मारुती असतो हेही सुचले नाही. माझ्या तोंडी तीच गोष्ट एका अडाणी बाईची झाली होती, जिला साधे नवऱ्याचे नाव सांगता आले नाही. उन्हातान्हात खडी फोडणाऱ्या बाईला पगाराच्या रांगेत परक्याची बायको म्हणून पुकारले जाते, तेव्हा त्यावर हसायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क तिचा असतो. मी तो चहा-पोह्यांबरोबर पाहुण्यांना वाटून टाकला होता.

तेव्हा माझे मत असे की, वही लिहून झाल्यावर नव्हे, आत्ताच तुमच्या बहिणीला फोन करा. नावे बदलण्याच्या भानगडीत पडू नका, कारण भावकीत पातेले कोणाचे, हे सगळ्यांना माहीत असते.

घाटावरची

थोडेसे वेगळे मत मांडते. परवानगी मागायला हरकत नाही, पण आप्तांच्या विक्षिप्तपणावर प्रेमाने हसण्याची आपल्याकडे जुनी वाट आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'च्या आरंभीच आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. त्या सोवळ्यापायी घरात येणारी जिन्नस धुऊन घ्यायची म्हणजे काय काय धुवावे लागे आणि घरातली माणसे त्यापायी किती कावलेली असत, ते वाचताना हसू आवरत नाही. मात्र त्या वडिलांविषयी आकस असा मनात येत नाही. त्या घरात मुलांचे हाल झाले, हेही त्यांनी झाकलेले नाही. त्यामुळे काका, नानांनी वाचवलेल्या पैशांचा रस तुम्हीच प्यायलात, हे लिहिलेत की बहिणीला फारसे लागणार नाही.

जुनी_फाईल

काल रात्री बहिणीला फोन केला. आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, तिच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग भीतभीतच पातेल्याचा विषय काढला. ती इतकी वेळ गप्प राहिली की फोन कट झाला असे वाटून मी दोनदा 'हॅलो' म्हणालो. नंतर कळले की ती तोंडाला पदर लावून हसत होती.

तिने सांगितलेला भाग मला ठाऊकच नव्हता. गुरवाने पातेले वाचल्यानंतर नाना दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबटाकडे गेले होते. ठोकलेली टिंबे पुसता येत नाहीत, मात्र पुढे आणखी मजकूर घालून अर्थ सावरता येईल, असे तो म्हणाला. पण त्या मजकुराची अक्षरे मोजल्यावर नाना तसेच उठून घरी आले. त्यानंतर एकवीस वर्षे गावातल्या प्रत्येक लग्नामुंजीचा भात त्या पातेल्यात शिजला आणि पंक्तीत वाढायला नाना स्वतः उभे असत.

नाना गेल्यावर तेराव्याला देवळातून भांडी आणली, त्यांत ते पातेलेही आले. सातारकडचे एक लांबचे पाहुणे भाताची दुसरी वाढी घेताना थांबले, पातेल्याची कड त्यांनी नीट वाचली आणि माझ्या बहिणीला म्हणाले, 'तेरा दिवसांत एवढं मोठं पातेलं घेऊन नावसुद्धा घालून आणलंत, शाबास आहे तुमची!' घरात सगळ्यांचे डोळे रडून सुजलेले होते. ती सांगते की, वाढपी मुलाने हातातला भाताचा डाव तसाच खाली ठेवला आणि मागच्या दाराने पळाला. त्याच्या पाठोपाठ काकू, आणि काकूंच्या पाठोपाठ ती स्वतः.

लिहायला तिची हरकत नाही. दुरुस्ती मात्र तिने एक सांगितली आहे. दर अक्षरामागे दहा नव्हे, बारा पैसे होता आणि म्हणून त्या दिवशी एक रुपया बत्तीस पैसे वाचले होते. नाना हा हिशोब शेवटच्या आजारपणातही सांगत असत, त्यामुळे त्यात चूक होणे शक्य नाही. मी वहीत आकडे बदलले आहेत. उसाच्या रसाचे तिला माहीत नव्हते. 'मला कधी पाजला नाही,' म्हणाली.