गोव्यात पहिल्यांदाच सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेतेय, विम्याचं नीट कुणी सांगेल का?

नमस्कार मंडळी,

मार्गशीर्षात आम्ही पाच जण गोव्याला जातोय. फिरणं कमी, कुळाचार जास्त. म्हाळसा आमची कुलदेवता, तेव्हा म्हार्दोळला ओटी भरायची, तिथूनच मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा. शिवाय सासूबाईंचा आरवलीच्या वेतोबाला वहाणा वाहायचा नवस आहे, तो दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत राहिलाय. म्हणजे तीन दिवस गोवा आणि एक दिवस हद्द ओलांडून सिंधुदुर्ग. मिरजेहून गोवा एक्सप्रेसने मडगावला उतरू. घरची अल्टो अकरा वर्षांची आहे. सासऱ्यांचे गुडघे आणि पाच जणांचं सामान घेऊन ती घाट उतरेलही, पण परत चढेल याची खात्री तिचा मेकॅनिकसुद्धा देत नाही.

चार दिवस टॅक्सी ठेवायचा आकडा ऐकल्यावर घरात दोन मिनिटं कुणी बोललं नाही. म्हणून सेल्फ-ड्राइव्ह. चालवणार मी. नवऱ्याकडे लायसन्स आहे, पण ते पाकिटात शोभेला. मी नऊ वर्षं चालवतेय, भाड्याची गाडी मात्र आजवर कधी घेतलेली नाही.

दोन ठिकाणी फोन केले. पहिल्याकडे हॅचबॅक दिवसाला १,६०० रुपये, डिपॉझिट ५,००० रोख. 'ताई, फुल इन्शुरन्स आहे, टेन्शन घेऊ नका.' पॉलिसीचा फोटो मागितला, तर गाडीचेच चार फोटो आले. पांढरी नंबरप्लेट. त्याबद्दल विचारलं तर म्हणतो, 'पोलिसांनी अडवलं तर मित्राची गाडी आहे म्हणून सांगा.' दुसऱ्याकडे तशीच गाडी २,३०० रुपये, डिपॉझिट १०,०००, काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं. त्याने पॉलिसी आणि करारनामा दोन्ही लगेच पाठवले, पण करारनामा वाचून झोप उडाली. नुकसान झाल्यास १५,००० रुपयांपर्यंत खर्च माझा. टायर, रिम आणि गाडीचा तळ कितीही खर्च आला तरी माझा. शिवाय गाडी गॅरेजमध्ये राहील तितक्या दिवसांचं भाडंही माझंच.

मग विमा कशाचा आहे, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा, पांढऱ्या-काळ्या प्लेटचा फरक फक्त पोलिसांच्या दंडापुरता आहे की विम्यालाही लागू होतो? दिवसाला ७०० वाचतात, घरात मतदान पांढऱ्या प्लेटच्या बाजूने झालंय. तिसरा, गोव्याची गाडी आरवलीला नेता येते का? आणि चौथा, जो घरी मोठ्याने विचारायची सोय नाही: गाडी चालवताना मलाच काही झालं तर?

दिराने मागे तिकडे भाड्याची स्कूटर घेतली होती. परत देताना मडगार्डवरचा एक ओरखडा दाखवून ४,००० कापले. तो आधीचाच होता असं दीर आजही शपथेवर सांगतो, पण फोटो नव्हता. त्यामुळे व्यवहारी सूचनाही चालतील. रागावलात तरी चालेल.

प्रतिसाद

ताई, मी मोटर क्लेमचा सर्व्हेयर (विम्यासाठी गाडीचं नुकसान तपासणारा) म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

'फुल इन्शुरन्स' हा शब्द पॉलिसीत कुठेच नसतो. एक भाग थर्ड पार्टीचा, तो कायद्याने सक्तीचा. समोरच्याचा जीव गेला किंवा तो जखमी झाला तर त्याला भरपाईची मर्यादा नाही, त्याच्या मालमत्तेला साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे त्या गाडीचंच नुकसान. हे दोन्ही मालकाने घेतलेले आहेत. क्लेमचे पैसे मिळणार मालकाला. तुमचं आणि मालकाचं नातं फक्त त्या करारनाम्याचं.

आता विमा असून पैसे तुमच्याकडून का? समजा बंपर फुटला. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर साध्या पॉलिसीत निम्मा घसारा कापतात. वर प्रत्येक क्लेमला सक्तीची वजावट असते, म्हणजे तेवढी रक्कम मालकाने स्वतः भरायची. आणि एक क्लेम केला की मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो, जो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असू शकतो. त्यामुळे दहा हजारांच्या कामासाठी कुठलाच शहाणा मालक क्लेम करत नाही, तो तुमच्या डिपॉझिटला हात घालतो. तुमच्या करारनाम्यातली १५,००० ची रेघ ती हीच. मला विचाराल तर ती कमाल मर्यादा लेखी आहे ही चांगली गोष्ट. पहिल्याकडे मर्यादाच नाही, म्हणजे तो मागेल ती रक्कम.

एवढं मात्र विचारून घ्या: पॉलिसीला झिरो डेप (घसारा न कापण्याची जोड) जोडलंय का, आणि गॅरेजच्या दिवसांचं भाडं जास्तीत जास्त किती दिवस लावणार. 'सात दिवसांहून जास्त नाही' असं पेनाने लिहून घेतलं तरी चालतं, मागितलं की बहुतेक जण लिहून देतात.

प्लेटबद्दल. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी, काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे सेल्फ-ड्राइव्ह भाड्यासाठी नोंदलेली. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्यात भाड्याने देणं बसत नाही. अपघात झाला आणि गाडी भाड्याची होती हे निघालं की ओन डॅमेजचा क्लेम नाकारला जातो. समोरच्या जखमी माणसाला कोर्ट भरपाई देववेल, पण कंपनी ती मालकाकडून वसूल करू पाहील आणि मालक तुमच्या दारात येईल. 'मित्राची गाडी' हे वाक्य पोलिसांपुढे खपलं तर खपलं, क्लेम फॉर्मवर तेच लिहिलं तर ती खोटी माहिती होते, आणि सही करायची वेळ आली की मालक म्हणतो, चालवत तुम्ही होता. मी असा एक बंगळुरूचा मुलगा पाहिला आहे. ज्याला तो मित्र म्हणत होता, त्या मालकाचं आडनाव त्याला सांगता येईना.

गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपमध्ये टाका. विमा, फिटनेस, पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं, फोनवरच्या गोडव्यापेक्षा ते बरं.

चौथा प्रश्न योग्य विचारलात, तो सहसा कुणी विचारत नाही. पॉलिसीवर १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा लिहिलेला दिसेल. तो 'मालक-चालक' यासाठी आहे. तुम्ही मालक नाही, त्यामुळे तो तुम्हाला नाही. भाड्याने घेणाऱ्या चालकाला आणि प्रवाशांना संरक्षण जोडलं आहे का ते पॉलिसीत वेगळं पाहावं लागतं. तुमची स्वतःची अपघात पॉलिसी नसेल तर निघण्याआधी घ्या. आरोग्य विमा आहे म्हणून थांबू नका, तो फक्त दवाखान्याचं बिल भरतो.

अजून एक. गाडीचा तळ तुमच्या माथी टाकलाय त्याला कारण आहे. खालून काही आदळलं, ऑइल गळायला लागलं आणि 'जवळच आहे' म्हणून गाडी तशीच रेटली, तर पुढचं इंजिनचं नुकसान विम्यात बसत नाही. ऑइलचा लाल दिवा लागला की तिथेच बंद करायची, मग सासूबाई काही म्हणोत.

प्रतिसाद

मी फोंड्याचा. गाडी ताब्यात घेताना फोटो नको, व्हिडिओ घ्या. उजेडात, एका कोपऱ्यापासून सलग फेरी. टप, चारही रिम, स्टेपनी, जॅक, आणि शेवटी मीटरवर किलोमीटर व पेट्रोलचा काटा. मालकाचा माणूस आवाजात आला तर उत्तम. स्टेशनाबाहेर अंधारात देतो म्हणाला तर दिव्याखाली न्यायला लावा.

भाड्याच्या गाड्यांना इथे ओरखडे बहुतेक डाव्या बाजूला. आमच्या गावातले रस्ते अरुंद, दोन्हीकडे चिऱ्याच्या कंपाउंड भिंती, समोरून बस आली की पाहुणे डावीकडे दाबतात आणि चिरा किसणीसारखा काम करतो. बस थांबते, तुम्हीही थांबा. आरसा आत दुमडा आणि मग सरका. इथल्या बायका स्कूटरवरून ज्या वेगाने जातात त्यावर जाऊ नका.

आरवलीला किरणपाणी-आरोंदा पुलावरून शिरोड्यात उतरा, सरळ पडतं. पण हद्द ओलांडणार हे मालकाला आधी सांगा आणि गाडीला महाराष्ट्रात चालणारं परमिट आहे का ते कागदावर बघा. काही करारनाम्यांत राज्याबाहेर बंदी असते, आणि करार मोडला की ती १५,००० ची मर्यादाही गेली. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालू नका, त्याला बंदी आहे. दरवर्षी कुणाची तरी रुतते आणि आम्ही दोर घेऊन जातो.

चलनं मालकाच्या नावावर मागाहून येतात. डिपॉझिट किती दिवसांत परत ते ठरवून घ्या, आणि रोख देऊ नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री पांढऱ्या प्लेटचा नंबर ॲपमध्ये टाकला. विमा ऑगस्टमध्येच संपलाय. स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला, फेरमतदान झालं, आता पाचही मतं काळ्या प्लेटला.

दुसऱ्याशी बोलले. झिरो डेप आहे. परमिटचा फोटो पाठवला, महाराष्ट्र चालतं. गॅरेजच्या भाड्याला सात दिवसांवर नाही म्हणाला, दहावर तयार झाला, तसं मेसेजवर लिहून दिलंय. प्रवाशांचं संरक्षण पॉलिसीत नाही, म्हणून मी आणि नवरा दोघांची अपघात पॉलिसी या आठवड्यात करतोय. नवऱ्याचं नाव जादा चालक म्हणून करारनाम्यात घालायचे तो वेगळे ३०० मागतोय. ते घालू की वाचवू? चार दिवसांत तो गाडीला हात लावेल असं वाटत नाही, पण मला ताप आला तर?

आणि फोंडेकर, वेतोबाच्या वहाणा इथूनच करून आणाव्यात की तिकडे मिळतात? सासूबाईंनी इथल्या चांभाराला माप द्यायला सुरुवात केलीय आणि सामानात जागा नाही.