विजेंदरचं नाव एका पराभवाने घसरलं नाही
"गोव्यात हरला आणि विजेंदरचं पितळ उघडं पडलं" असं बॉक्सर विजेंदर सिंगबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. मार्च 2021 मध्ये पणजीला जहाजाच्या गच्चीवर रशियाच्या आर्तिश लोप्सानने त्याला पाचव्या फेरीत हरवलं, हे खरंच. पण त्याआधीची लढत नोव्हेंबर 2019 ची, दुबईतली! मधले जवळपास सोळा महिने रिंग नाही. बॉक्सरचं समोरच्यापासूनच्या अंतराचं भान नुसत्या सरावाने पूर्ण टिकत नाही, लढती लागतात; ते गेलं की अर्ध्या पावलाचा अंदाज चुकतो आणि समोरच्याचा ठोसा थेट जबड्यावर बसतो. लोक मात्र व्यावसायिक लढतींतले सलग 12 विजय विसरले, बीजिंग ऑलिंपिकचं कांस्यही. त्यानंतर बराच काळ लढतच नव्हती, म्हणून तो पराभवच डोळ्यांसमोर राहिला. फार वाईट वाटतं.