हृदय नसलेल्या वनस्पतीत हृदयाचे औषध कसे तयार होते?

प्रश्न – जिज्ञासा_७

नमस्कार. माझ्या वडिलांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून डॉक्टरांनी त्यांना डिगॉक्सिन सुरू केले आहे. गोळी इतकी लहान आहे की चिमटीत नीट धरताही येत नाही आणि तिच्यात औषध असते केवळ ०.२५ मिलिग्रॅम. एवढ्याशा मात्रेने त्यांची नाडी ताळ्यावर आली, हे मी रोज सकाळी त्यांच्या मनगटावर बोटे ठेवून अनुभवते आहे. कुतूहल म्हणून वाचू लागले, तेव्हा कळले की हे औषध आजही फॉक्सग्लोव्हच्या डिजिटॅलिस लॅनाटा या जातीच्या पानांपासून मिळवले जाते.

तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. वनस्पतीला हृदय नाही, रक्त नाही, मज्जातंतू नाहीत. मग हृदयाच्या स्नायूवर इतक्या नेमकेपणाने काम करणारा पदार्थ तिच्या पानात कशासाठी असावा? ‘प्रत्येक रोगावरचे औषध निसर्गाने वनस्पतीत ठेवून दिले आहे’ असे उत्तर मला अनेकांनी दिले, परंतु त्याने माझे समाधान होत नाही, कारण तीच पाने कोणी खाल्ली तर जीव जाऊ शकतो, असेही मी वाचले आहे. दुसरा प्रश्न पहिल्यातूनच निघतो. पदार्थ इतका जहाल असेल, तर खुद्द वनस्पतीला त्याची बाधा का होत नाही?

उत्तर – पर्णरेषा

आपला प्रश्न फार चांगला आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि माझ्या विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न विचारावा असे मला दरवर्षी वाटते.

वनस्पती आपल्यासाठी काहीही बनवत नाही, इथून सुरुवात करावी लागेल. ती जागची हलू शकत नाही. अळी पानावर चढली, गुरे जवळ आली, बुरशीचा बीजाणू रुजला, तरी तिला तिथेच उभे राहून तोंड द्यावे लागते, आणि त्यासाठी तिच्याजवळचे सर्वांत मोठे साधन म्हणजे रसायने. वाढीसाठी व श्वसनासाठी लागणारे पदार्थ सर्वच वनस्पतींमध्ये जवळपास सारखे असतात. त्यांच्या पलीकडे मात्र प्रत्येक कुळाने आपापली वेगळी रसायने घडवली असून त्यांना दुय्यम चयापचयी पदार्थ म्हणतात. असे दोन लाखांहून अधिक पदार्थ आजवर ओळखले गेले आहेत. ‘दुय्यम’ हे नाव मला नेहमीच अन्यायकारक वाटते, कारण उघड्या रानात वनस्पती जगणार की नाही हे बहुतेकदा त्यांच्यावरच ठरते.

आता हृदयाकडे येऊ. डिगॉक्सिन हृदयाला ‘ओळखत’ नाही. प्राण्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक प्रथिनाचा पंप असतो, त्याला ते अडवते. हा पंप अळीत आहे, गाईत आहे आणि माणसातही आहे. त्याच्याशिवाय मज्जातंतूंतून संदेश जात नाहीत आणि स्नायूंचे आकुंचनही नीट होत नाही. पाने खाणाऱ्या जिवाचा पंप बंद पडला की त्याचे खाणे थांबते, आणि वनस्पतीला तेवढेच हवे असते. हृदयात हा पंप थोडासाच अडवला, तर पेशीत सोडियम साठते, त्यामुळे कॅल्शियमही वाढते आणि आकुंचन जोरकस होते. शिवाय मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून ठोक्यांची गती उतरते. तुमच्या वडिलांची नाडी ताळ्यावर आली ती मुख्यतः या दुसऱ्या परिणामामुळे. थोडक्यात, विष अळीसाठी असले तरी अळीची आणि आपली पेशी एकाच जुन्या घडणीची आहे, म्हणून ते आपल्यालाही लागू पडते.

हीच गोष्ट इतरत्रही दिसते. निकोटिन तंबाखूच्या मुळांत तयार होते, जलवाहिन्यांतून पानांत पोहोचते आणि अळीने पान कुरतडले की त्याचे प्रमाण वाढते. ते ज्या ग्राही रेणूला चिकटते तो कीटकांच्या मज्जासंस्थेतही आहे आणि आपल्या स्नायूंत व मेंदूतही आहे. अफूच्या चिकातील मॉर्फिन आपल्या मेंदूत जिथे बसते ते ग्राही रेणू १९७३ मध्ये सापडले. दोनच वर्षांनी शरीर स्वतः बनवत असलेली, त्याच जागी बसणारी एन्केफॅलिन ही द्रव्ये सापडली. कुलूप आपले होते, आपली किल्लीही आपल्याजवळ होती आणि एका वनस्पतीच्या चिकात तशीच चालणारी दुसरी किल्ली निघाली.

सगळीच रसायने मात्र हाकलण्यासाठी नसतात. कॉफीच्या आणि लिंबूवर्गीय झाडांच्या फुलांतील मकरंदात कॅफीन अत्यल्प असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की एवढ्या कॅफीनमुळे मधमाशीला त्या फुलाचा वास अधिक काळ लक्षात राहतो. पानात पुष्कळ असते तेव्हा तेच कॅफीन कीटकांना घातक ठरते. शिवाय चहा, कोको आणि कॉफी या वनस्पतींनी कॅफीन बनवण्याची विद्या एकमेकींकडून घेतलेली नाही. त्यांच्यात ती स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली, हे २०१४ मध्ये कॉफीचा जनुकसंच वाचल्यावर स्पष्ट झाले.

उत्तर – औषधशाळा

पर्णरेषा यांनी सांगितलेल्या जीवशास्त्राला मी औषधाच्या बाजूने थोडी जोड देतो, कारण प्रश्नकर्तीच्या घरात हे औषध प्रत्यक्ष घेतले जात आहे.

डिजिटॅलिसचा पद्धतशीर अभ्यास विल्यम विदरिंग या इंग्लिश वैद्यकाने केला आणि १७८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. अंगावरील सुजेसाठी दिल्या जाणाऱ्या एका घरगुती काढ्यात वीसएक वनस्पती होत्या. त्यांपैकी गुण फॉक्सग्लोव्हचा आहे हे त्यांनी ओळखले. परंतु माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण पुढे आहे. पाने कोणत्या हंगामात खुडावीत, वाळवून किती द्यावीत आणि कोणती लक्षणे दिसताच थांबावे, हे त्यांनी रोग्यांवरून बारकाईने नोंदवले. एकाच जातीच्या दोन रोपांत, किंवा एकाच रोपाच्या कोवळ्या व जून पानांत, द्रव्याचे प्रमाण सारखे नसते. ज्या औषधाची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा एकमेकींच्या इतकी जवळ आहे, तिथे हा फरक जिवावर बेतू शकतो.

म्हणून तीन गोष्टी मनापासून सांगतो. रक्तातील पोटॅशियम कमी झाले तर डिगॉक्सिनचा विषारी परिणाम वाढतो, कारण दोघेही त्याच पंपावर एकमेकांना विरोध करतात. वडिलांना लघवी वाढवणारे औषध सुरू असेल, तर पोटॅशियमच्या तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा. मन उदास असताना अनेक जण आपल्या मनाने घेतात ती सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती डिगॉक्सिनची रक्तातील पातळी उतरवते आणि औषध निष्प्रभ होऊ शकते. आणि कण्हेरीपासून दूर राहा. पांढरी, तांबडी वा पिवळी, कोणत्याही कण्हेरीत याच वर्गातील हृदयविषे असतात. डिगॉक्सिनच्या विषबाधेवर दिली जाणारी प्रतिपिंडे कण्हेरीच्या विषबाधेतही उपयोगी पडतात, इतके हे रेणू एकमेकांसारखे आहेत.

‘वनस्पतीचे आहे, म्हणजे अपाय नाही’ हे वाक्य ऐकले की मला बेल्जियममधील प्रकरण आठवते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वजन कमी करण्याच्या उपचारात एका वनस्पतीऐवजी चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील दुसरी वनस्पती वापरली गेली. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे खराब झाली आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्या वनस्पतीतील आम्ल आपल्या डीएनएला चिकटून बसते. त्रास सुरू होईपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते.

उत्तर – चीक_आणि_काटा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिले आहे, आणि मला तोच भाग अधिक सुंदर वाटतो.

डिगॉक्सिनच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. ज्या पंपाला ते अडवते तो पंप फुलझाडांत नसतोच. वनस्पतींच्या पेशी क्षार आत-बाहेर करण्यासाठी हायड्रोजन आयनांवर चालणारा वेगळा पंप वापरतात. ज्या घराला ते कुलूपच नाही, तिथे किल्ली कितीही पडून राहिली तरी बिघडत नाही.

परंतु अनेक विषे वनस्पतीच्या स्वतःच्या पेशींनाही मारू शकतात, आणि तिथे वेगवेगळे उपाय दिसतात. कांदा हे त्याचे अगदी जवळचे उदाहरण. अख्खा कांदा नाकाशी धरला तर डोळ्यांना काही होत नाही. सुरी फिरली की पेशी फुटतात, पेशीतल्या रिक्तिका नावाच्या पिशवीत साठवलेले विकर आणि तिच्या बाहेर ठेवलेले गंधकयुक्त संयुग एकत्र येतात आणि काही क्षणांत डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. त्यासाठी लागणारे दुसरे विकर थेट २००२ मध्ये ओळखले गेले. कसावा, म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात, त्याच्या पेशीतही साखरेला बांधलेले सायनाइड आणि ते मोकळे करणारे विकर वेगळे ठेवलेले असतात. पान चावणाऱ्याच्या तोंडात दोन्ही एकत्र येतात. पुदिन्याचे पान भिंगाखाली धरून पाहा. खालच्या बाजूला चकाकणारे बारीक थेंब दिसतील. त्या ग्रंथी आहेत, आणि तेल उरलेल्या पानाला लागू नये म्हणून ते पेशींच्या बाहेर, बाह्यत्वचेखालच्या पिशवीत साठवलेले असते.

सर्वांत थक्क करणारे उदाहरण कॅम्पटोथेसिनचे. त्यापासून कर्करोगावरील औषधे बनतात. डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला ते जायबंदी करते, आणि हे विकर वनस्पतीतही आहे. ज्या वनस्पती कॅम्पटोथेसिन बनवतात, त्यांच्या या विकरात एका विशिष्ट जागी अमिनो आम्ल बदललेले आढळले. औषधाला दाद न देणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशींत सापडलेला बदल नेमका हाच आहे.

शत्रूही स्वस्थ बसत नाहीत. हृदयविषे असलेल्या वनस्पतींवर मोनार्क फुलपाखराच्या अळ्या निर्धास्त वाढतात, कारण त्यांच्या सोडियम-पोटॅशियम पंपात असेच मोजके बदल झालेले आहेत. २०१९ मध्ये संशोधकांनी तेवढे तीन बदल फळमाशीत घडवून आणले आणि ती माशीही विष पचवू लागली. ते वाचले त्या दिवशी मला झोप लागली नाही.

उत्तर – मूळशोध

वरील सर्व उत्तरे मला पटतात. तरी एक सावधगिरी सुचवतो. एखादे रसायन वनस्पतीत आहे एवढ्यावरून ते अमुक कामासाठीच आहे असे ठरवणे घाईचे असते. त्यासाठी प्रयोग लागतो. निकोटिनविषयी तो झाला आहे. रानटी तंबाखूच्या एका जातीत निकोटिन बनवणारे जनुक मुके करून रोपे उघड्यावर लावली, तेव्हा कीटकांनी ती शेजारच्या नेहमीच्या रोपांपेक्षा कितीतरी अधिक खाल्ली. २००४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इतका स्वच्छ पुरावा बहुसंख्य पदार्थांसाठी नाही.

शिवाय सगळेच विष नसते. विलोच्या सालीमुळे परिचित झालेले सॅलिसिलिक आम्ल हे वनस्पतींचे अंतर्गत संदेशद्रव्य आहे. एका पानाला संसर्ग झाला की उरलेली वनस्पती सावध होण्यात त्याचा वाटा असतो. १९७९ मध्ये तंबाखूच्या पानांत अ‍ॅस्पिरिन टोचले, तेव्हा मोझॅक विषाणूला त्यांनी अधिक चांगला प्रतिकार केला. आपल्या शरीरात अ‍ॅस्पिरिन वेदना व सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये बनवणारे विकर रोखते. दोन्ही ठिकाणची कामे निराळी आहेत.

विविधतेबद्दलही एक मुद्दा आहे. आपण जाती मोजतो, परंतु एकाच जातीतही रसायने बदलतात. दक्षिण फ्रान्समध्ये थाइम या एकाच जातीच्या झुडपांचे त्यांच्या तेलावरून सहा प्रकार पडतात. दिसायला सर्व सारखी, वासाला वेगळी. लंडनमधील क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या २०२० च्या अहवालात पाचांपैकी दोन वनस्पती जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचा अंदाज होता. जात टिकली तरी तिचा एखादा प्रकार निघून जाऊ शकतो आणि कोणत्याही यादीत त्याची नोंद होत नाही, याची मला फार खंत वाटते.

जिज्ञासा_७

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना लघवीचे औषध सुरू आहे, त्यामुळे पोटॅशियमची तपासणी याच आठवड्यात करून घेते. आपली सर्व उत्तरे मी त्यांना वाचून दाखवली. त्यांचा एक प्रश्न आहे. रेणूची रचना ठाऊक असताना तो कारखान्यात का बनवत नाहीत?

पर्णरेषा

कारण वनस्पती ते काम आपल्यापेक्षा पुष्कळ सहज करते. डिगॉक्सिनमध्ये स्टेरॉइडचा सांगाडा आणि त्याला जोडलेल्या तीन साखरा असतात. प्रत्येक जोड योग्य जागी व योग्य दिशेने बसवत प्रयोगशाळेत तो रेणू पहिल्यापासून रचणे इतके लांबलचक आहे की ते परवडत नाही. त्यामुळे डिजिटॅलिस लॅनाटाची आजही लागवड होते.

वडिलांना आणखी एक गोष्ट सांगा. ताज्या पानात मुख्यतः डिगॉक्सिन नसते, लॅनॅटोसाइड सी असते, आणि त्यावर ग्लुकोजचा एक जादा रेणू व एक अ‍ॅसिटिल गट असतो. पान खुडून पेशी फुटल्या की पानातलेच विकर तो ग्लुकोज तोडते. उरलेला अ‍ॅसिटिल गट मग कारखान्यात काढला जातो. म्हणजे त्यांच्या गोळीच्या वाटेवरचे एक पाऊल झाडावरून उतरलेले पानच टाकते.