काडतुसं भरायला काटा कुठला? दांडीचाच!

टेक्सासकर
इथे टेक्सासात घरी काडतुसं भरणं, म्हणजे रिकाम्या पुंगळीत प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), पावडर आणि गोळी बसवणं, कायदेशीर आहे. (भारतात परवान्याशिवाय हा उद्योग शस्त्र कायदा 1959 खाली गुन्हा, तेव्हा तिकडच्यांनी नुसतं वाचावं.) पावडर मोजायला कुठला काटा घेऊ, असं नवीन मंडळी विचारत असतात. माझं मत: दांडीचा, म्हणजे दांडीवर वजन सरकवून तोलायचा. आरसीबीएस कंपनीचा जुना 5-0-5, ओहाउस या काटेवाल्या कंपनीने बनवलेला, मिळाला तर डोळे झाकून घ्या. अगेटच्या कठीण दगडावर टेकलेली सुरीसारखी धार, दांडीची डुगडुग आवरायला चुंबक, बस्स. बॅटरी नाही, तापायला वेळ नाही. स्वस्त डिजिटल काट्यातला लोड सेल (भार मोजणारा सेन्सर) एसीच्या झोताने, खोली गरम-गार झाल्याने, शेजारच्या मोबाईलनेही सरकतो. आणि सरकलोय हे सांगत नाही.

दूरचा नेम
डोळे झाकून? दांडीवरचं सरकतं वजन एक खाच चुकलं, की एक ग्रेनाची (ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम), कधी दहा ग्रेनांची चूक. दांडी मात्र शून्यावर साळसूद उभी! ते सांगते का?
स्वस्त डिजिटल वाईट म्हणून सगळं डिजिटल वाईट, हे काही पटत नाही. एफएक्स-120आय सारख्या महागड्या डिजिटल काट्यात लोड सेल नसतोच. पारड्यावरचा भार विद्युतचुंबकाने तोलला जातो. 0.02 ग्रेन दाखवतो, म्हणजे व्हार्गेट पावडरची जवळपास एक कांडी, एकच दाणा.

टेक्सासकर
एक कांडी दिसून करायचं काय? 0.1 ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. .308 या रायफलच्या काडतुसात त्याने गोळीच्या वेगात सेकंदाला पाच-सात फुटांचा फरक. पुंगळीच्या मानेची गोळीवरची पकड आणि प्रायमर मिळून याहून जास्त गोंधळ घालतात. काट्याने खरं नाही दाखवलं तरी चालेल, रोज सारखं दाखवलं की झालं.

दूरचा नेम
शंभर यार्डांना तुमचं खरं. हजार यार्डांना तेच पाच-सात फूट कागदावर वर-खाली दिसतात.
पण ते शेवटचं वाक्य मागे घ्या. रोज सारखंच अर्धा ग्रेन कमी दाखवणारा काटा तुम्हाला रोज भरणीच्या पुस्तकात दिलेल्या पावडरच्या कमाल आकड्यापलीकडे नेईल. पुस्तकवाल्यांनी तुमच्या काट्यावर मोजलं नव्हतं.

नऊ मिमी वाली
दोघांचं भांडण रायफलवाल्यांचं आहे. मी पिस्तुलवाली, पंचवीस यार्ड. पावडर मापाने (वजनाने नव्हे, आकारमानाने) पडते, काटा मधूनमधून पडताळायला. 0.1 ग्रेनवाला पुरतो, दांडी असो की डिजिटल. माझ्याकडे खरी भीती पुंगळीत दोनदा पावडर पडण्याची. ती कुठलाही महागडा काटा थांबवत नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून बघावं लागतं.
आणि काट्यासोबत येणाऱ्या 50 ग्रॅमच्या वजनावर भिस्त ठेवू नका. ते झालं 771 ग्रेनांच्या वर. माझी पावडर पाच ग्रेनांच्या आसपास! तिकडे बरोबर असलेला काटा इकडे बरोबर असेलच असं नाही. जेवढं मोजायचं त्याच्या जवळपासची छोटी तपासणी-वजनं घ्या, भरायला बसताना आणि उठताना ठेवून बघा. दांडीलाही हेच लागू, टेक्सासकर.

टेक्सासकर
वजनं मान्य. 'सारखं दाखवलं की झालं' हे वजनं ठेवून पाहिल्यावरच म्हणायचं, हेही मान्य. पण नवशिक्याने शेकडो डॉलर काट्यावर घालायचे, हे नाही पटत. तेवढ्यात किती पावडर आणि प्रायमर येतील, बघा.

दूरचा नेम
नवशिक्याने घ्या असं म्हटलंच कुणी? धागा तुम्ही 'दांडीचाच!' असा काढलात.