पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी भरलाच गेला नसेल, तर दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न (नाशिक)
माझे वडील सातपूरच्या एका लहान कारखान्यात लेथवर काम करत. कारखाना बंद पडल्यावर पासबुक पाहिले, तेव्हा कळले की शेवटच्या चौदा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्यांवर दरमहा 1,800 रुपयांची कपात आहे, पण खात्यात त्यातला एकही रुपया जमा नाही. भविष्य निर्वाह निधी संघटना सरकारी असताना ही तूट तिने भरून द्यायला नको का? आणि हे कार्यालय चालते कोणाच्या पैशावर? आमच्याच ठेवींवर चालत असेल, तर तिथे हेलपाटे घालावे लागणे वडिलांच्या मनाला फार लागते.

निवृत्त हिशेबनीस, ठाणे
दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत चलन भरण्याचे काम मी अनेक वर्षे केले, म्हणून आधी खर्चाचे सांगतो. चलनावर 1 नंबरचे खाते भविष्य निधीचे, 10 नंबरचे निवृत्तिवेतनाचे आणि 21 नंबरचे विम्याचे असते. 2 नंबरच्या खात्यात मालक प्रशासकीय शुल्क भरतो. जून 2018 पासून ते पगाराच्या 0.5 टक्का, म्हणजे 15,000 रुपयांवर 75 रुपये आहे, आणि ते कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. तेव्हा कार्यालय वडिलांच्या ठेवीवर चालत नाही, एवढी खात्री बाळगा.

तूट स्वतःच्या तिजोरीतून भरून देणे हे मात्र या संघटनेचे मुख्य काम नाही; तिचे काम वसुलीचे आहे. चौकशी करून थकबाकी ठरवणे, तिच्यावर वार्षिक 12 टक्के व्याज लावणे, मालकाचे बँक खाते गोठवणे, मालमत्ता जप्त करणे, हे सारे अधिकार तिला आहेत. जेट एअरवेजच्या दिवाळखोरी प्रकरणातही कर्मचाऱ्यांचा थकलेला भविष्य निधी व ग्रॅच्युइटी देण्याचा अपील न्यायाधिकरणाचा 2022 चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये कायम ठेवला.

कामगार संघटनेचा कार्यकर्ता, पुणे
वरील उत्तराला एक महत्त्वाची जोड देतो. 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेत ज्या सेवेची वर्गणी मिळाली आहे किंवा मिळणे बाकी आहे, ती दोन्ही प्रकारची सेवा निवृत्तिवेतनासाठी धरली जाते. मालकाने पैसे भरले नाहीत म्हणून ते चौदा महिने वगळू नयेत, असे लेखी मागा. सरकारचा स्वतःचा पैसा येतो तोही याच योजनेत: 15,000 रुपयांच्या मर्यादेपर्यंत पगाराच्या 1.16 टक्के.

शुल्काच्या पद्धतीत मला एक दोष दिसतो. जो मालक वेळेवर भरतो त्याच्याकडून शुल्क मिळते, आणि जो बुडवतो त्याच्यामागे माणसे लावावी लागतात, पण त्याच्याकडून शुल्क येत नाही. म्हणून वसुलीच्या कामासाठी सरकारने वेगळी तरतूद केली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन. कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी न भरणे हा कायद्याने फौजदारी विश्वासघात आहे, त्यामुळे संघटनेकडे तक्रार नोंदवताना तिच्याकडून पोलिसांत फिर्याद दाखल करण्याचीही मागणी करा.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनापासून आभार. चौदापैकी अकरा पगारचिठ्ठ्या सापडल्या आहेत. उरलेल्या तीन महिन्यांसाठी बँकेच्या पासबुकातील पगाराच्या नोंदी जोडत आहे. सोमवारी वडिलांना घेऊन कार्यालयात जातो आणि अर्जात निवृत्तिवेतनाच्या सेवेचा मुद्दा वेगळा लिहितो.